अकरा वेळा बिघडलेलं पोट

नोकरीच्या चौदा वर्षांत मी अकरा वेळा आजारी पडले आणि अकराही वेळा माझी तब्येत ठणठणीत होती. वैमानिकाने थकवा आला तरी थकवा असं लिहायचं नसतं, हे मला पहिल्याच वर्षी शिकवण्यात आलं. थकवा लिहिला की मॅनेजमेंटकडून भलीमोठी प्रश्नावली येते. किती तास झोपलात, कुठे झोपलात, घरात काही भांडणतंटा आहे का. पोट बिघडलं म्हटलं की कोणी काही विचारत नाही, डॉक्टरची चिठ्ठीही मिळून जाते. त्यामुळे आमच्यातला थकलेला माणूस कागदावर नेहमी जुलाबांनी हैराण असतो.

ही विद्या मला ज्यांनी दिली ते गृहस्थ तेव्हा आमच्या युनियनचे अध्यक्ष होते. मूळचे पुण्याचे. माणूस खोटा नव्हता, हे सांगायलाच हवं. एकदा क्रूच्या हॉटेलात दोन दिवस पाणी नव्हतं, तर हे मॅनेजमेंटच्या मोठ्या साहेबांना हाताला धरून तिथल्या बाथरूममध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, ‘करा आंघोळ.’ त्या दिवशी मी युनियनचा फॉर्म भरला. पुढे कंपनीने त्यांनाच ऑपरेशन्सचं प्रमुखपद दिलं. आपला माणूस वर गेला म्हणून आम्ही पेढे वाटले. मूर्ख कुठले!

त्या जानेवारीत मी बंगळूरूहून पहाटेचं विमान घेऊन बनारसला निघाले. बनारस माझं गाव, आम्ही तिथले जुने मराठी. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत आईबाबा राहतात, आणि पुढचे दोन दिवस मला सुट्टी असल्याने परतीची फेरी झाली की प्रवासी म्हणून पुन्हा घरी यायचा बेत होता. पण बनारसच्या बाबतपूर विमानतळावर इतकं दाट धुकं होतं की उतरता येईना. लखनौला गेलो, तिथे विमानातच तीन तास बसून राहिलो आणि धुकं उठल्यावर पुन्हा निघालो. उतरताना कंट्रोलरने जी उंची सांगितली ती माझ्या को-पायलटने बरोबर म्हणून दाखवली आणि यंत्रात मात्र हजार फूट कमी लावली. ती तपासणं माझं काम. मी आकड्याकडे नीट डोळे लावून पाहिलं आणि ‘बरोबर’ म्हणाले. कंट्रोलर आमच्यावर खेकसला तेव्हा दोघांनाही कळलं. विमानात दीडशेच्या वर माणसं होती.

परत बंगळूरूला जायला आमच्या ड्यूटीचे तास पुरत नव्हते. अशा वेळी कॅप्टनला स्वतःच्या अधिकारात थोडे तास वाढवता येतात. अट एकच, सगळा क्रू ताजातवाना हवा. कंपनीचा फोन आलाच. ‘मॅडम, दोन तास वाढवून टाका ना, नेहमीसारखे.’ मी ‘हो’ म्हणणार होते. लाज वाटते, पण म्हणणार होते. ट्रेनर होण्यासाठी माझं नाव यादीत होतं आणि ते मला हवं होतं. तेवढ्यात शेजारून को-पायलट म्हणाला, ‘मॅम, आय ॲम सॉरी, मी फिट नाही. लिहून देतो.’ त्याने लिहिलंही. कारण: थकवा. खाली त्या हजार फुटांची चूकही लिहिली. त्याचं प्रोबेशन संपायला दोन महिने उरले होते.

विमान रद्द झालं. बाहेर लग्नाची मंडळी अडकली होती. पगडी बांधलेले एक काका माझ्यासमोर येऊन ओरडले, ‘बारात छूट जाई अउर आप जाके सुतब?’ मी म्हटलं, ‘हाँ चाचा, सोएँगे. आपको सही-सलामत पहुँचाना है.’ ते आणखीच भडकले. त्यांच्या जागी मीही भडकले असते.

मी घरी गेले आणि सोळा तास झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ‘काशीला दर्शनाला आलोय. काका-काकूंनाही भेटून जातो.’ आमचे माजी अध्यक्ष! त्यांचा देवधर्माशी कधी संबंध आलेला मी पाहिला नव्हता. पण आई हरखली. तिने बाबांना पिटाळून चौकातून कुल्हडांत मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, मागवला आणि पाहुणे टेकतात न टेकतात तोच त्यांच्या हातात दिला. ‘लवकर खाऊन घ्या हं. ऊन चढलं की बसतो तो.’

त्यांनी तो खाल्ला, वाहवा केली, आणि आई स्वयंपाकघरात वळल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. माझ्या नावाने तयार केलेलं निवेदन. को-पायलटच्या वागण्यात थकव्याचं कोणतंही लक्षण दिसलं नाही, मी स्वतः पूर्ण ताजी होते, उंचीची चूक केवळ त्याच्या निष्काळजीपणामुळे झाली.

‘सही कर. तुझी ट्रेनरची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे.’

‘आणि त्याचं काय होईल, सर?’

‘प्रोबेशनवर आहे, कायम करणार नाही. तरुण आहे, लागेल कुठेतरी. अगं, हा एक थकला म्हणून सुटला तर उद्या सगळेच थकतील. आपण विमानं उडवायची की नाही?’

‘आपण’ म्हणत होते. मला हसूच आलं. बाबा समोर पेपर वाचत बसले होते. बाबा संस्कृत शाळेतून रिटायर झालेत, विमानातलं त्यांना काही कळत नाही, पण पेपरचं पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

‘सर, मीही थकले होते. मी त्याची चूक पकडली नाही.’

‘तू?’ त्यांनी फोन उघडून माझ्यापुढे धरला. ‘हे तुझं रेकॉर्ड. चौदा वर्षांत थकव्याचा एक रिपोर्ट नाही. तेच रोस्टर, तेच तास. तू थकत नाहीस, मग तोच कसा थकतो? चौकशीत पहिला कागद हाच ठेवणार आहोत आम्ही. तुझं फक्त पोट तेवढं वरचेवर बिघडतं.’

इतकी वर्षं मी जे खोटं लिहीत होते ते कोणाला लागलं नाही, कोणाचं नुकसान झालं नाही, अशी माझी समजूत होती. आता त्याच अकरा कागदांनी हा माणूस एका पोराची नोकरी घेणार होता.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत दारात. ‘पोट बिघडतं? कुणाचं? हिचं? किती दिवसांपासून? आम्हाला कळवलं पण नाहीस! आणि मी वेडी तुला मटर-चूडा खिलवत बसलेय दोन दिवस. इथे बीएचयूत मोठे डॉक्टर आहेत, आजच दाखवू. अहो, ऐकलंत का?’

‘आई, माझ्या पोटाला काही झालेलं नाही.’

‘मग हे साहेब काय झूठ बोलतायत?’

‘नाही. झूठ मी बोलले. अकरा वेळा. थकले होते आणि पोट बिघडलं असं लिहिलं.’ मी गृहस्थांकडे वळले. ‘आणि असं लिहायला मला तुम्ही शिकवलंत, सर. थकवा लिहू नकोस, झंझट होते, पोट लिही. आठवतंय ना?’

बाबांनी पेपरची घडी घातली आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे दुखणंही यांचंच आणि औषधही यांचंच. बढिया आहे.’

जाताना जिन्यात ते हळू आवाजात मला म्हणाले, ‘हे घरात बोललीस ते ठीक. कागदावर आणू नकोस. खोटी आजारपणाची रजा म्हणजे सरळ नोकरी जाते. मी वाचवू शकणार नाही.’ मला वाटतं त्यांना खरंच काळजी वाटत होती. म्हणून तर जास्त राग आला. सहीसाठी आणलेला कागद मी त्यांच्या हातात परत दिला.

दुपारी मी युनियनच्या सेक्रेटरीला फोन केला. तिने वकिलांना विचारलं आणि कळवलं की काहीही कबूल करायचं नाही, को-पायलटला युनियन बघून घेईल, तू नामानिराळी राहा. म्हणजे मॅनेजमेंट म्हणतं गप्प बस आणि युनियनही म्हणते गप्प बस! इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं आणि तेही माझ्या तोंडाबद्दल. मी फोन ठेवला आणि बाबांच्या टेबलाशी बसून पत्र लिहिलं. अकरा तारखा, प्रत्येकीच्या आधीचं रोस्टर, आणि समोर एकच कारण: थकवा. बाराव्या ओळीत बनारसची ती उंची आणि मी म्हटलेलं ‘बरोबर’. कंपनीला पाठवलं आणि तीच प्रत युनियनच्या ग्रुपवर टाकली.

ज्या ग्रुपवर एरवी सकाळी सहापासून फुलं आणि सुविचार पडत असतात, तिथे दोन दिवस शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी कोचीच्या एका कॅप्टनने विचारलं, मलाही असंच लिहायचंय, कोरा नमुना पाठवतेस का. मग आणखी एकीने. चौकशीच्या दिवसापर्यंत एकवीस जणांनी आपापल्या पोटदुखीची खरी हकिकत कंपनीला कळवली. बाकीचे शेकडो जण गप्प राहिले, काही तर ग्रुप सोडून गेले. त्यांना मी नावं ठेवत नाही. चौदा वर्षं मीही त्यांच्यातच होते.

चौकशी दिल्लीत झाली. टेबलापलीकडे तिघे, कडेला आमचे माजी अध्यक्ष. बाहेर बाकावर को-पायलट बसला होता. आत येताना मी त्याच्याशी बोलू नये अशी सूचना होती, म्हणून मी मुद्दाम थांबून त्याला विचारलं, नाश्ता केलास का.

मधल्या बाईंनी माझं पत्र दोन बोटांनी उचललं. ‘कॅप्टन, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुम्ही कंपनीशी अकरा वेळा खोटं बोललात. मग आता तुम्ही खरं बोलताय यावर आम्ही विश्वास का ठेवावा?’

‘मॅडम,’ मी म्हटलं, ‘अकरा वेळा मी खोटं बोलले, तेव्हा तुम्ही मला लवकर बरी हो म्हणून मेसेज पाठवलेत. बाहेरचा तो पोरगा एकदाच खरं बोलला आणि तुम्ही चौकशी बसवलीत. आता तुम्हीच सांगा, तुमच्या कंपनीत आजारी कोण आहे.’

टिपणं घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं होतं.

‘लिहा,’ मी त्याला म्हटलं. ‘हे लिहून झाल्याशिवाय मी उठणार नाही.’