लोकरीत घातलेला हात

माझी धाकटी जाऊ आणि मी, दोघींचा मिळून मेंढरांचा एकच कळप होता. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेल्यावर नातेवाईक म्हणाले, वाटणी करून घ्या. जाऊ म्हणाली, "अर्धी मेंढरं घेऊन तू कुठं जाणार, अक्का?" कुठंच जाणार नव्हते. मला मूल नाही. तिला एक मुलगा, घर त्याच्या नावावर. कळप एकत्र राहिला, म्हणून मीही राहिले.

कामं मात्र वेगळी होती. कोकरं वाढवून खाटकाला देणं तिचं. लोकर कातरणं, पिंजणं, टकळीवर सूत काढणं माझं. कोलारकडचा एक विणकर घोंगड्यांसाठी सूत घेऊन जायचा. जावेला लोकरीचं काडीचं कौतुक नव्हतं. ती लोकरीला केसं म्हणायची. "तुझी केसं सांबारात आली, अक्का." मी तिला खाटकीण म्हणायचे. आमचं बोलणं एवढंच असायचं आणि ते दिवसभर चालायचं.

घर कानडी मुलखातल्या मोठ्या शहरात, महादेवपुऱ्याच्या मागच्या अंगाला. काचेच्या इमारतींच्या मधे ज्या प्लॉटवर अजून कुणी बांधलेलं नाही, तिथं आम्ही मेंढरं चारायचो. एखाद्या प्लॉटला निळे पत्रे लागले की तेवढा चारा गेला. वरच्या मजल्यांवरून पोरं फोटो काढायची आणि खालून वॉचमन हाकलायचे. जाऊ वॉचमनला म्हणायची, "अरे, तुझ्या साहेबाच्या ताटातलं मटण पावसातून पडतं का?"

पुतण्या मालाचा टेम्पो चालवतो. तो वाईट माणूस नाही. पण त्याला कळप नको होता. अंगणात वास येतो, बायकोला लाज वाटते, आई थकली. सगळं खरंच होतं. जुना एडका बदलायची वेळ आली, कारण कळपात त्याच्याच लेकी माजावर येऊ लागल्या होत्या, तेव्हा पुतण्यानं सांगून टाकलं, "आई, हा शेवटचा. याची कोकरं वजनाला भरली तर ठेवू. नाही भरली तर सगळी विकायची."

"सरी, बरं," जाऊ म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

आता वजनाला भरायची म्हणजे सोपं आहे. बन्नूरचा एडका आणायचा. ठेंगणा, रुंद, पुढून मागून सारखा. मटण उत्तम. पण त्याच्या अंगावर लोकर नसते, नुसते केस असतात, आणि त्याची कोकरंही तशीच निघतात. मग कळप राहिला असता आणि मी बिनकामाची झाले असते. आमच्या जातीचा काळा लोकरीचा एडका आणावा, तर तो उंच आणि सडपातळ. कोकरं भरली नसती, आणि पुतण्यानं शब्दाप्रमाणे कळप विकला असता. म्हणजे आम्हाला असा एक एडका हवा होता, जो खाटकालाही चालेल आणि टकळीलाही. असे नसतात असं नाही. शोधावे लागतात.

संक्रांतीच्या अलीकडे आम्ही टेम्पोतून मालूरच्या बाजूला एका धनगराकडे गेलो. गारठा होता. जावेनं लुगड्यावर मुलाचा जुना स्वेटर घातला होता, वरून शाल, डोक्याला मफलर. मी म्हटलं, "तुझ्यावरच जास्त लोकर दिसते."

"कातर मग," ती म्हणाली.

धनगरानं आधी बन्नूरचाच एडका पुढं केला. जाऊ त्याच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याच्या मांड्या धरल्या. तिचं तोंड असं झालं की मला कळलं, ही आता हलायची नाही.

"अक्का, बघ तरी. खांबासारखे पाय आहेत."

"खांबच ने आणि घरी बांध. मी काय कातू? त्याची शेपटी?"

"स्वल्प थांब ना. तुझं नेहमीचंच."

"तुझंही नेहमीचंच."

धनगर हसला. कानडीत म्हणाला, "अम्मा, तुम्ही दोघी दोन एडके घ्या." पण दोन एडके एका लहान कळपात ठेवत नाहीत. डोकी फोडून घेतात.

दुसरा काळा होता. उंच, मानेपर्यंत लोकरीचा भारा, दिसायला हत्ती. माझा जीव त्याच्यावर जडला. जावेनं त्याच्या पाठीवरच्या लोकरीत मनगटापर्यंत हात घातला आणि काढून घेतला. "घर मोठं आहे," ती म्हणाली, "आत माणूस नाही."

मीही हात घातला. पाठीचा कणा हाताला करवतीसारखा लागला. हे आम्हा दोघींना लहानपणापासून ठाऊक. लोकर असली की जनावर वाळलेलं डोळ्यांना दिसत नाही. आतून मेंढी अर्धी होते आणि वरून तशीच गोल दिसते. म्हणून दर आठवड्याला प्रत्येकीच्या पाठीवर हात घालून बघायचं. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवणारा कळप घालवतो.

तिसरा एडका कोपऱ्यात उभा होता. धनगरानं तो दाखवायला काढला नव्हता, कारण त्याचं एक शिंग मोडकं होतं. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, फार उंच नाही. मी पुढून सुरुवात केली. दात पाहिले, चार दाती होता, म्हणजे ऐन जवान. खांद्यावरची लोकर फाकवून पाहिली, मग बरगडीवरची. बोटभर लांब, मऊ, मधे कुसळासारखे मेलेले केस फार थोडे. एक बट ओढून थुंकी लावली आणि अंगठ्यावर पीळ दिला. ओढला तर तुटला नाही. जाऊ मागून सुरुवात करून पुढं येत होती. तिनं खूर पाहिले, मांड्या पाहिल्या, दोन्ही अंडं सारखी आहेत का ते दाबून पाहिलं. एडक्यानं मागचा पाय आपटला तर म्हणाली, "उगी रे, लाजतोस काय, माझा नवराही लाजायचा." पुतण्या टेम्पोकडं निघून गेला.

असं करत करत आमचे हात त्याच्या कमरेवर एकत्र आले. माझा हात लोकरीत खाली होता, तिचा वर आला.

"कंबर आहे," ती म्हणाली.

"लोकर आहे," मी म्हटलं.

मांडीवरची लोकर जरा जाडीभरडी होती. मी ते बोलले नाही. त्याचे पुढचे पाय हवे होते तेवढे रुंद नव्हते, तेही ती बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एका जनावरावर एकमत झालो. परतताना ती टेम्पोत मागं एडक्याजवळ बसली, वारा लागू नये म्हणून त्याच्याच अंगाला टेकून.

एडका चांगला निघाला. अंगणात आला त्याच आठवड्यात कामाला लागला. जाऊ त्याला भिजवलेले हुलगे स्वतःच्या हातानं घालायची. मी म्हणायचे, नवऱ्याला एवढं घातलं नाहीस. ती म्हणायची, नवऱ्याच्या कोकरांना भाव नव्हता.

थंडी सरली. युगादी, म्हणजे पाडवा, जवळ आली, ऊन तापलं, तरी तिनं स्वेटर काढला नाही. मी म्हटलं, म्हातारी झालीस. ताटात भात उरायला लागला. ती म्हणाली, सुनेचा भात कच्चा राहतो. सून माझ्याकडं बघायची. भात कच्चा नव्हता.

युगादीच्या दुसऱ्या दिवशी इकडं घरोघरी मटण करतात, तोडकू म्हणतात त्याला. त्या दिवशी तिनं मटणाचा वाटा वाढून घेतला आणि तसाच ठेवला.  अंघोळीच्या वेळी तिनं मला हाक मारली, पाठ चोळून दे म्हणून. असं ती कधी म्हणायची नाही. मी मोरीत गेले. ती पाटावर पाठमोरी बसली होती. मी पाठीवर हात ठेवला.

कणा करवतीसारखा लागला. मी हात कमरेपर्यंत नेला. तिथं काहीच नव्हतं. एखाद्या मेंढीला असा हात लागला असता तर मी तिला त्याच दिवशी वेगळी बांधली असती. इतके महिने ही बाई माझ्याशेजारी झोपत होती. आम्ही दर आठवड्याला सगळ्या कळपाच्या पाठी चाचपत होतो.

"काय चाचपतेस?" ती म्हणाली. "विकायची आहे का?"

"कधीपासून?"

"पाणी ओत, गार होतंय."

दवाखान्यात सांगितलं की पोटात गाठ आहे आणि उशीर झालाय. पुतण्या दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. जाऊ रडली नाही. डॉक्टरला कानडीत म्हणाली, "मेंढरं मे महिन्याच्या शेवटी वितील. तोवर चालेल का?" डॉक्टरला मेंढरांचं काय कळणार. तो म्हणाला, बघू.

त्या उन्हाळ्यात लोकर कातरली गेली नाही. एक दिवस दवाखाना, एक दिवस घर, असं चाललं होतं. मेंढरं लोकरीच्या ओझ्यानं धापा टाकायची. चारायला मी एकटी न्यायचे. वॉचमन विचारायचा, ती दुसरी अम्मा कुठाय, शिव्या देणारी? मी सांगायचे, आजारी आहे. तो मग दुसरीकडं बघायचा आणि मेंढरं चरू द्यायचा.

मेंढरं वेळेवर व्याली. जाऊ तेव्हा घरी खाटेवर होती. मी जाऊन सांगितलं, "चार झाली."

"मागचे पाय?"

"चांगले आहेत."

"चांगले म्हणजे कसे? नीट सांग."

"रुंद. उभी राहिली तेव्हा गुडघे एकमेकांना लागत नव्हते."

ती म्हणाली, "आणि तुझी केसं?"

"अजून कळत नाही."

"तुला कळतं. सांगत नाहीस."

मला कळत होतं. ओल्या कोकराच्या अंगावरच्या कुरळ्या वेटोळ्यांवरून कळतं. मी म्हटलं, "दाट येणार." ती म्हणाली, "मग ठेवेल तो." तो म्हणजे तिचा मुलगा. मी एक कोकरू उचलून आणलं. तिनं हात बाहेर काढून त्याच्या पाठीवर ठेवला, कमरेपाशी दाबला, आणि मान हलवली. सूनबाई दारातून सासूला म्हणाली, "अत्ते, हात धुवा हं." जाऊ म्हणाली, "कशाला? मरणार तर आहेच."

पुढच्या आठवड्यात ती गेली.

आमच्या घरात दिवसकार्याला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं करून पान ठेवतात. तिच्या आवडीचं म्हणजे मटण, यात कुणाचं दुमत नव्हतं. पुतण्या माझ्यासमोर येऊन बसला. मला तो दोड्डम्मा म्हणतो, थोरली आई. म्हणाला, "दोड्डम्मा, माणसं पुष्कळ येणार. एडका कापू म्हणतो."

मी त्याच्याकडं पाहिलं. एडका कापायचा म्हणजे पुढं कोकरं नाहीत. म्हणजे कळप नाही. तेही तो त्याच वाक्यात सांगत होता.

"कोकरं भरतील," मी म्हटलं. "तुझ्या आईनं स्वतः हात लावून बघितलंय."

"भरतील. पण बघणार कोण? तुम्ही एकट्या किती दिवस फिरणार? परवा तुम्ही रस्ता ओलांडताना लॉरी थांबली म्हणून वाचलात."

ते खरं होतं. जे खरं आहे त्यावर मी भांडत नाही. मी म्हटलं, "काप. पण आधी मला कातरू दे."

अंगणात पोतं अंथरलं. पुतण्यानं एडक्याचे पाय बांधले आणि डोकं धरून बसला. मी कातर घेतली. पोटापासून सुरू करून बरगडीवर आले, खांदा केला, पाठ केली. कातडीला एकही चरा गेला नाही. लोकर एकसंध उतरली, चादरीसारखी. मांडीची जाडी लोकर मी वेगळी ठेवली. त्याच्या उघड्या कमरेवर हात ठेवला. चार बोटं मांस होतं. तिनं घातलेले हुलगे. कंबर होतीच. ती बरोबर होती आणि मीही.

मटण उग्र होतं, जवान एडक्याचं असतंच. मी जेवले. लोक म्हणाले, चांगलं झालंय. तिच्या पानावर मांडीचा तुकडा ठेवला होता, तोच तिला आवडायचा.

मेंढरं आणि कोकरं पंधरवड्यात गेली. होसकोट्याचा व्यापारी आला होता. त्यानं एकाही मेंढीच्या पाठीवर हात घातला नाही, नुसतं बघून मोजली. ती असती तर त्याला फाटकाबाहेर काढला असता.

आता अंगणात टेम्पो उभा असतो. एडक्याची लोकर एका पोत्यात आहे. मी दुपारी दारात बसून कातते. सूत बारीक येतं, तुटत नाही. कोलारचा विणकर आता येत नाही, त्याच्या मुलानं माग बंद केला म्हणे. सुताचे गुंडे कपाटात ठेवते. पुतण्या विचारत नाही त्यांचं काय करायचं. मीही सांगत नाही, कारण मलाही ठाऊक नाही.

एक सवय मात्र लागली आहे. कुणी जवळून गेलं की मी हात धरते. पुतण्याचा दंड दाबून बघते, तो सोडवून घेतो. सूनबाई काल पाणी द्यायला आली, तिच्या कमरेला हात लावला.

"दोड्डम्मा, मी काय मेंढी आहे का?"

"उभी राहा," मी म्हटलं.

ती उभी राहिली. तिनं जाड स्वेटर घातला होता. मी तो वर केला आणि आत हात घातला.