क्रीमवाली बाई

मंगळवारी ग्रासिएला घरी यायची, तेव्हा नेरेइदा आधी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. याकिमा खोऱ्यातल्या त्या स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत भिंती पातळ होत्या आणि माणसं मायदेशातल्या मिचोआकानच्या एकाच गावची. नेरेइदाचा मुलगा एलियान अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. सासू फोनवर म्हणायची, "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं हो!" म्हणून सरकारकडून त्याला शिकवायला ह्या ग्रासिएलाबाई येतात हे नेरेइदाने कोणालाच सांगितलं नाही. ह्या बाई कोण, असं ओतिलियाने विचारलं, तेव्हा ती सहज बोलून गेली, "क्रीम विकतात त्या."

ओतिलिया म्हणजे एलियानची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी मेणबत्ती धरून उभी राहिलेली. त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

त्या मंगळवारी ओतिलिया मक्याच्या पानांत उकडलेल्या तामालेसचं पातेलं घेऊन थेट आत आली. ग्रासिएला जमिनीवर बसून साबणाचे फुगे उडवत होती. फुंकायची आणि मुद्दाम थांबायची, मुलाने मागावं म्हणून.

"बरी सापडलात बाई! पायांना काही आहे का तुमच्याकडे? दिवसभर सफरचंदं निवडत उभी असते, टाचा बघा, नुसत्या भेगा!"

ग्रासिएलाने नेरेइदाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरातलं सांगणं तिच्या कामात बसत नव्हतं.

"आज माल नाही त्यांच्याकडे, कोमाद्रे," नेरेइदा म्हणाली.

ग्रासिएला फुग्यांची बाटली पिशवीत ठेवू लागली. तेवढ्यात एलियान धावला. आईसमोर उभा राहून त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर टेकवली. म्हणजे, ‘आणखी’. कित्येक आठवडे शिकवलेली ती खूण आज पहिल्यांदाच त्याने आपणहून केली होती.

"हे काय करतोय गं?"

"काही नाही. खेळतोय."

त्याने पुन्हा बोटं टेकवली. नेरेइदाने पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं. एलियानचे हात हळूहळू खाली आले.

ते तिला दिसलं. मान वर न करता ती म्हणाली, "त्या क्रीम विकत नाहीत. ह्याला शिकवायला येतात."

"मला काय डोळे नाहीत? इतक्या दिवसांत तुझ्या तोंडावर क्रीमचं बोट दिसलं नाही कधी. वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील." ओतिलियाने तिच्या हातातलं झाकण घेऊन पातेल्यावर ठेवलं. "देवासमोर मेणबत्ती धरली होती मी. अगं, कोणासाठी?"

नेरेइदा जमिनीवर बसली. ग्रासिएलाने बाटली पुन्हा काढून तिच्या हातात दिली. नेरेइदाने फुगे उडवले, थांबली, मग स्वतःच बोटांवर बोटं टेकवून त्याला दाखवली. शेजारी टेकलेल्या ओतिलियानेही आपल्या खरखरीत हातांनी तसंच केलं.

पण एलियान एव्हाना पाठ करून खिडकीशी जाऊन बसला होता. पडद्याची कड धरून तो बाहेर बघत होता. त्या दिवशी त्याने पुन्हा काही मागितलं नाही.