कोपराला खरं कळतं

पाणी कुठलंही असो, मावशी त्यात आधी कोपर बुडवायच्या. हात नाही, बोट नाही. बाही वर सारून थेट कोपर. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना हात धुवायला सिंक दाखवलं, तर नळाखाली कोपर धरून म्हणाल्या, "हाताचं काय खरं नाय ताई. हात निबर झालेत. कोपराला खरं कळतं."

एका रविवारी आम्ही त्यांना ड्रोहेडाच्या पुढे समुद्र दाखवायला नेलं. वाऱ्यात उभंही राहवत नव्हतं. मावशी पदर खोचून पाण्यापर्यंत गेल्या, वाकल्या, समुद्रात कोपर बुडवलं आणि परत येऊन निकाल दिला, "हे पाणी कुणालाच घालायचं नाय."

काम सुटलं तरी अंग कामावरच असतं, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशींचं काम बाळांना न्हाऊ घालायचं. मूळच्या जुन्नरकडच्या. नवरा लवकर गेला, मग पुण्यातल्या पेठांमधली पोरं न्हाऊ घालून त्यांनी एकुलत्या एका मुलीला इंजिनिअर केलं. ती मुलगी म्हणजे सुवर्णा, डब्लिनजवळच्या नावनमधली माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर सुवर्णा आणि निखिलनं घरी शांतपणे सांगून टाकलं की त्यांना मूल नको आहे. मावशींनी फोनवर ते ऐकलं आणि "बरं" एवढंच म्हणाल्या.

मग तीन महिन्यांच्या व्हिसावर ऑक्टोबरात लेकीकडे आल्या. बॅगेत बदामाचं तेल, ओवा, बाळंतशोपा आणि वेखंड. सुवर्णानं कपाळावर हात मारला. मावशी म्हणाल्या, "सवयीनं भरलं गं. बॅग मोठी होती."

मी घरूनच काम करते, त्यामुळे "दिवसा आईकडे जरा लक्ष दे" हे माझ्याकडे आलं. प्रत्यक्षात लक्ष कुणी कुणाकडे दिलं ते पुढे कळेलच.

सुवर्णाच्या घरात बाळ नव्हतं, पण एक कासव होतं. निखिलनं रीतसर कागद करून आणलेलं आफ्रिकेतलं बिबट्या कासव. वाटीएवढं, पिवळट पाठीवर काळे ठिपके. त्याच्यासाठी हॉलमध्ये लाकडी पेटी, वर उबेचा दिवा, उन्हासारखा उजेड देणारा दुसरा दिवा, दोन थर्मामीटर, आणि पेटी गार झाली की निखिलच्या फोनवर घंटा. मावशी पेटीत डोकावून म्हणाल्या, "आमच्याकडं बिबट्या उसात असतो. तुमच्याकडं खोक्यात."

आता यातली गंमत बघा. या जातीचं पिल्लू कोरड्या घरात सुकतं, म्हणून त्याला रोज कोमट पाण्यात बसवावं लागतं. म्हणजे रोजची अंघोळच. निखिल सकाळी दोन मीटिंगांच्या मधे, कानात इयरफोन घालून, टबात थर्मामीटर बुडवून ते उरकायचा. मावशींनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाजूला व्हा जावईबापू." कोपर बुडवलं, एक तांब्या गार पाणी ओतलं, परत कोपर. निखिलनं थर्मामीटर लावला. बरोबर बत्तीस. आठवडाभर तो त्यांची परीक्षा घेत होता आणि आकडा बत्तिसाच्या आगेमागेच यायचा. मग थर्मामीटर खिडकीत जाऊन पडला.

त्यानंतर अंघोळ मावशींचीच. बाथरूममध्ये पाय पसरून बसायच्या, मधे टब, टबात ते. निखिलनं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते मागे पडलं आणि तो ठिपक्या झाला. पाण्यात मान लांब करून तो पाणी प्यायला लागला की मावशी श्वास रोखून बसत. अंघोळीनंतरचा टॉवेल हॉट प्रेसमधला. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. इथल्या जुन्या घरांत असतं. "या देशात ही एकच शहाणी जागा," असं मावशींचं मत. दहीसुद्धा त्या तिथेच लावायच्या. मात्र तेल लावायला निखिलनं सक्त मनाई केली होती. मावशींनी ती पाळली, पण रोज एकदा म्हणायच्या, "कातडी किती कोरडी आहे बिचाऱ्याची."

ठिपक्याचा पाला मावशी समोरच्या आजोबांच्या लॉनमधून खुडून आणायच्या. तिथे डँडेलियन नावाच्या पिवळ्या फुलांच्या तणाचं रान माजलं होतं. आजोबा इंग्रजीत बोलायचे, या मराठीत, आणि दोघांचं बरं चालायचं. एकदा मी मधे होते, तेव्हा आजोबांनी सांगितलं की त्यांच्या बहिणीचं कासव सगळा हिवाळा फ्रिजमध्ये झोपतं, "अँड ही'ज ग्रँड!" म्हणजे अगदी मजेत आहे. मी भाषांतर केलं. मावशी पाला घेऊन जवळजवळ पळतच घरी आल्या. संध्याकाळी निखिलनं समजावलं की ते कासव वेगळ्या जातीचं. आपलं झोपणारं नाही, त्याला बारा महिने ऊब लागते. मावशी म्हणाल्या, "तेच तर म्हणते मी. ऊब."

आणि इथेच घोटाळा झाला. त्यात माझाही हात आहे, लपवत नाही.

नोव्हेंबरातली एक दमट दुपार. मावशी पावसात तवा घेऊन माझ्या दारात उभ्या. "ताई, तुमच्या शेगडीतला निखारा द्या एक." माझ्या हॉलमध्ये लोखंडी शेगडी आहे, तिच्यात मी दलदलीतल्या मातीच्या वाळवलेल्या विटा जाळते. मला वाटलं, देवापुढे धूप घालायचा असेल. दिला निखारा. दहा मिनिटांत भिंतीपलीकडे अलार्म किंचाळायला लागला. मी चपला न घालताच धावले. हॉलभर धूर, पेटीवर गोधडी पांघरलेली आणि मावशी शांतपणे निखाऱ्यावर ओवा, शोपा आणि लसणाची सालं टाकतायत. अंघोळीनंतर बाळाला धुरी देतात तशी साग्रसंगीत धुरी चालली होती. "सर्दी धरू नये म्हणून," म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही हसलो. रस्त्यावरची चार माणसं बाहेर आली, तीही हसली. निखिल घरी आल्यावर मात्र हसला नाही. त्यानं खिडक्या उघडल्या आणि पेटी धुतली.

चौथ्या दिवशी ठिपक्याच्या नाकाशी बुडबुडे दिसले. मग त्यानं पाला सोडला. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला. ड्रोहेडाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फुप्फुसाला त्रास झालाय, धूर याला चालतच नाही. इंजेक्शनं दिली आणि बजावलं की आठवडाभर ऊब तुटता कामा नये. तुटली तर वाचणार नाही.

मावशींनी दोन्ही हात शालीखाली घातले ते घातलेच. अंघोळ पुन्हा निखिलकडे गेली. निखिल चांगला मुलगा आहे, तो म्हणाला, "आई, तुम्हाला माहीत नव्हतं." मावशी म्हणाल्या, "माहीत नव्हतं तर विचारायचं होतं." मला मात्र एकटीला सांगितलं, "माझ्या हाताखालचं एक लेकरू कधी आजारी पडलं नाय ताई. हे पडलं. मी नाय आता हात लावायची." त्या पेटीकडे पाठ करून बसायला लागल्या. टीव्ही लागलेला असायचा, पण त्यांचं लक्ष मागेच.

त्याच आठवड्यात वादळ आलं. सकाळी वारा पडला, रस्ते मोकळे झाले म्हणून सुवर्णा-निखिल डब्लिनला ऑफिसला गेले, आणि दहाच्या सुमाराला वारा पुन्हा उठला; कुठेतरी एक झाड तारांवर पडून आमच्या अख्ख्या रस्त्याची वीज गेली. दिवे गेले, घर तापवणारा बॉयलरही गेला. निखिलचा मला फोन आला. परतीचा रस्ताही झाडं पडून बंद होता. "काहीही कर, पण त्याला गार पडू देऊ नकोस."

मी गेले तेव्हा मावशी स्वेटरवर कोट घालून पेटीपाशी उभ्या होत्या, हात शालीत. "दिवा गेला ताई." एवढंच म्हणाल्या. हॉट प्रेस उघडून बघितलं, तेही निवत चाललेलं. मी म्हटलं, माझ्याकडे शेगडी आहे, चला. त्या म्हणाल्या, "तुमी उचला."

मी उचललं. मला काय अनुभव? दोन बोटांत कडेला धरलं, जसा आपण गरम वडा धरतो. त्याचे पाय खाली लोंबायला लागले, मान एका बाजूला पडली. मावशींना ते बघवलं नाही. "अहो, तसं नाय धरत!" आणि शालीतून दोन्ही हात बाहेर आले. एक तळवा पोटाखाली, एक पाठीवर. ठिपक्या त्या निबर हातांत गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

माझ्या घरी त्या शेगडीजवळ बसल्या नाहीत. "धूर नको. आन् शेगडीनं एक बाजू भाजते, दुसरी गार राहते." खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ओढली, ठिपक्याला स्वेटरच्या आत, थेट पोटाशी धरलं आणि वरून शाल गुंडाळली. "कमी दिवसांचं पोर असंच धरायचं. आईच्या अंगाची ऊब जळत नाय आन् विझत नाय."

मग आम्ही बसलो. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून चहा मी पाजला. दर पाच मिनिटांनी मी विचारायची, "हलतंय का?" त्या म्हणायच्या, "नखं लागतायत." बारा वाजता नखं लागत होती. एक वाजता म्हणाल्या, "आता नाय लागत." मग नुसत्या किंचित पुढेमागे झुलत राहिल्या.

अडीचच्या सुमाराला मावशींचा चेहरा एकदम बदलला. डोळे मोठे झाले. त्यांनी हळूच शालीत वाकून बघितलं आणि ओरडल्या, "मुतलं! अगं पोरी, मुतलं गं बाळ!"

साडी भिजली होती, स्वेटर भिजला होता. नव्या जन्मलेल्या पोराची पहिली शू झाली की बाळंतिणीच्या घरात काय आनंद होतो, तो मी पहिल्यांदा पाहिला, तोही एका कासवापायी. मावशी रडत होत्या, मीही रडत होते. कपडे बदलायला मात्र त्या उठल्या नाहीत. "हलवायचं नाय आत्ता." साडेपाचला वीज आली, घरातली सगळी यंत्रं एकदम टिवटिवली, तरी त्या बसूनच होत्या. निखिल आला, त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, उद्याची अंघोळ तुम्हीच घाला."

जानेवारीत ठिपक्यानं आपण होऊन पहिलं पान खाल्लं आणि त्याच आठवड्यात मावशींचा व्हिसा संपला. निघायच्या सकाळी टब भरून त्यांनी निखिलला बोलावलं. "बाही वर करा जावईबापू."

याला आता तीन वर्षं होतील. मावशींचे गुडघे गेले, विमानप्रवास जमण्यासारखा राहिला नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सुवर्णा आणि निखिल पुण्याला गेले आणि ठिपक्या दहा दिवस माझ्याकडे आला. आता तो नाश्त्याच्या डिशएवढा आहे. पाठीवर वाढीच्या रेघा आहेत, त्यांतली एक जरा खोल; निखिल म्हणतो, ती त्या हिवाळ्याची.

पहिल्या दिवशी अंघोळीच्या वेळी मी फोन टबाच्या काठाशी उभा केला आणि मावशींना व्हिडिओ कॉल लावला. त्या पलंगावर होत्या, गुडघा पट्टीत. तब्येत विचारली तर हातानंच उडवून लावली. "कुटंय तो?" मी ठिपक्याला उचलून दाखवलं, तळवा पोटाखाली, तळवा पाठीवर. मग बाही वर केली, कोपर बुडवलं, आणि त्याला पाण्यात ठेवायला वाकले.

"थांब गं. ऊन आहे पाणी."

"मी बघितलं ना मावशी, कोपरानं."

"मी पण बघितलं तुझं कोपर. लाल झालंय."

मी ठिपक्याला पोटाशी धरून बाथरूममध्ये खाली बसले. पाणी निवेपर्यंत मावशी तिकडून बघत होत्या आणि त्याची नखं मला लागत होती.