पाहुणे उतरले का?

थंडीत आमच्या घरी कुणी ‘पाहुणे’ म्हटलं, की आईच्या हातातलं काम थांबतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणी गोदावरीवर बदकं-हंस उतरले की नाशिकचे बंदूकवाले यायचे, आणि अण्णा त्यांना काठच्या बेशरमीच्या झुडपांत नेऊन बसवायचे. पाहुणे म्हणजे पक्षीही आणि बंदूकवालेही. आडोशात खोकायचं नाही, हा अण्णांचा पहिला नियम. त्यासाठी ते दाढेखाली लवंग धरायचे. आता शिकारीला बंदी आहे, आणि त्याच पाण्यावर मी लोकांना दुर्बिणीतून पक्षी दाखवतो. बापानं मारायला दाखवले, लेक बघायला दाखवतो, म्हणून गाव हसतं. हसू दे.

यंदा त्या बंदूकवाल्यांपैकी एका जुन्या शेठचा अण्णांना फोन आला. अण्णा अंगणात जाऊन बोलले. मी विचारलं, तर म्हणाले, “पाहुणे उतरले का, इचारत व्हता.”

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. राग यायचा आणि भीतीही वाटायची. अण्णा सापडले तर या वयात कोर्टाची पायरी, आणि माझं काम तर गेलंच. रोज उठलो की आधी त्यांचं अंथरूण बघायचो.

एका सकाळी ते रिकामं होतं.

मी नदीकडे पळालो. बांधावरून झुडपांत शेठची टोपी दिसली, शेजारी अण्णांचा मफलर. समोर, अगदी टप्प्यात, पट्टकदंब हंसांचा थवा पाण्यावर निवांत बसलेला. मी ओरडणार, तोच शेठनं बंदूक खांद्याला लावली.

आणि अण्णा खोकले. चांगले घसा फाडून खोकले. सगळा थवा कलकलत उठला आणि पार पलीकडच्या काठाला गेला.

“म्हातारपन, शेठ. ठसका आवरला नाय,” अण्णा म्हणाले. शेठ जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. गाडीचं दार आपटून तो निघून गेला.

घरी येईपर्यंत अण्णा एकदाही खोकले नाहीत. मी त्यांच्यावरच चिडलो. “पण तुम्ही गेलातच कशाला?”

“मी नसतो गेलो, तर त्यानं दुसरा कुनी नेला असता,” अण्णा म्हणाले. “त्याला कुठं खोकला येतो?”