पिवळ्या चिठ्ठीचं श्रीखंड

मुलाची नोकरी गेली तेव्हा आम्ही किराण्याचं दुकान बदललं.

दोन हजार दोन साल असेल. मी कॅलिफोर्नियात मुलाकडे येऊन थोडेच दिवस झाले होते. घरात मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. आधीच्या दुकानात भाजीवर आपोआप पाण्याचे तुषार उडायचे. नवीन दुकान हायवेच्या पलीकडे होतं. तिथल्या सामान ढकलायच्या गाड्यांचं एक चाक नेहमी अडायचं आणि जमिनीवर काहीतरी सांडलेलं असायचं. दुसऱ्या दुकानांत न खपलेला माल तिथं यायचा. चेपलेले डबे, फाटलेले खोके, तारीख जवळ आलेलं दूध-लोणी, आणि भर जुलैत नाताळची बिस्किटं. आज पाहिलेली वस्तू पुढच्या वेळी असेलच असं नाही. किंमत उतरवली की वस्तूवर पिवळी चिठ्ठी लावायचे.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्या दुकानात आकडे आले की भागतं, असं मला वाटायचं. सून नातीला सांभाळत एका बाजूला जायची आणि मी दुसऱ्या बाजूनं पिवळ्या चिठ्ठ्या शोधत जायची. स्वस्त काही सापडलं की मला आतून आनंद व्हायचा, आणि लगेच त्या आनंदाचीच लाज वाटायची. पोराची नोकरी गेली आणि मी लोण्याचा डबा मिळाला म्हणून खूश होते. एकदा आमच्याच इमारतीतली एक मराठी बाई तिथं दिसली. मी कुत्र्यांच्या खाण्याच्या मांडणीकडे तोंड करून उभी राहिले, ती जाईपर्यंत. आमच्याकडे कुत्रा नव्हता.

सगळ्यात मागे वाइनच्या बाटल्या होत्या. तिकडे मुलगा जायचा. तो घरी फारशी घेत नसे. पण नोकरी होती तेव्हा कुणाकडे जेवायला गेला की चांगली बाटली घेऊन जायचा, आणि नोकरी गेल्यावरही ते त्यानं सोडलं नाही. "आई, बाहेर ही पाचपट किमतीला मिळते," असं मला दाखवायचा. मग घरी सिंकपाशी उभा राहून नखानं चिठ्ठी खरवडायचा. गाडीतून त्या बाटल्या घरात आणताना मी त्यांच्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवायची.

नोकरीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि वाचनालयात जाऊन बसायचा. त्याच्या व्हिसाची गाठ नोकरीशी होती. लवकर दुसरी मिळाली नाही तर सगळं आवरून परत जायचं होतं.

"आई, कुणाजवळ बोलू नकोस हं," तो मला म्हणाला होता.

"आई कुणाशी बोलतात?" सून म्हणाली. "आपल्याशीच बोलत नाहीत."

ओळखीत एक काका-काकू होते, तीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेले. काकांची स्वतःची कंपनी होती. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना त्यांनी कामाला लावलं होतं. माझा मुलगा तिकडे नवीन गेला तेव्हा काकांनी त्यालाही बोलावलं होतं, पण ह्यानं मोठ्या कंपनीचं नाव बघून त्यांना नाही म्हटलं. आता परत त्यांच्याकडेच मागायला जायचं कसं? म्हणून ह्यानं ठरवलं की गणपतीला त्यांना जेवायला बोलवायचं. बोलता बोलता काका पुन्हा म्हणाले की ये आमच्याकडे, तर हो म्हणायचं. आपण होऊन मागायचं नाही.

"आणि ते म्हणालेच नाहीत तर?" सुनेनं विचारलं.

"म्हणतील."

नैवेद्याला सून मोदक करणार होती, श्रीखंड माझ्याकडे होतं. तिकडे आपल्यासारखा चक्का मिळत नव्हता. तिकडच्या बायका आंबट क्रीम आणि मऊ पांढरं चीज मिसळून श्रीखंड करतात. सुनेनं मला ते शिकवलं होतं आणि ते छान होतं. आदल्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. चीजच्या सगळ्या डब्यांची झाकणं निळी होती. काहींवर पिवळी चिठ्ठी होती, काहींवर नव्हती. मी चिठ्ठीचे डबे वेचून घेतले. पैसे देताना नात चॉकलेटसाठी रडत होती, सून तिला ओढत होती. डब्यांकडे तिनं पाहिलं नाही.

सकाळी अंघोळ करून मी श्रीखंडाला बसले. नैवेद्याच्या पदार्थाची चव बघायची नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही, हे माझ्या आईनं मला लहानपणीच लावलेलं. साखर मी हाताच्या अंदाजानं घालते, आजवर कधी चुकली नाही. फेटताना लसणाचा वास आला होता. पण सुनेची लसणाची चटणी फ्रिजमध्ये असायची आणि फ्रिज उघडला की तो वास यायचाच. सणाच्या दिवशी तरी ती बाटली बाहेर ठेवायला हवी होती, असं मी मनात म्हटलं. मग तिकडे लक्ष द्यायचं नाही म्हणून तोंड वळवलं आणि केशर, वेलची, जायफळ घातलं.

काका-काकू आले. आरतीच्या धुरानं घंटा वाजू नये म्हणून सुनेनं छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या यंत्राला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ती बघून काका खूप हसले. आरती झाली, नैवेद्य दाखवला, पानं वाढली.

"काय रे, कंपनी काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"मस्त काका. काम खूप आहे."

मी मुलाकडे पाहिलं. त्याला म्हणायचं होतं ते हे नव्हतं. पण तोंडातून तेच आलं.

काकांनी श्रीखंडाचा घास घेतला आणि थांबले. चावायचं काही नसताना ते बराच वेळ चावत राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "हे जरा वेगळं आहे."

तेवढ्यात नातीनं जीभ बाहेर काढली. "ईऽऽ! आजी, धिस इज गार्लिक! इट्स गार्लिक ब्रेड!"

सुनेनं बोट लावून चाटलं आणि तिचा चेहरा पडला. मुलगा ताटाकडे बघत राहिला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून उठून चालत आमच्या गावी जावं.

"अहो, बाप्पानं खाल्लं ना?" काका म्हणाले. "त्यानं कुठं सोंड वाकडी केली!"

"त्याची आधीपासूनच वाकडी आहे," काकू म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले असेन. मग पाणी आणायचं निमित्त करून आत आले.

सून माझ्यामागे आली. सिंकखालच्या कपाटातल्या कचऱ्याच्या पेटीतून तिनं रिकामा डबा काढला आणि पिवळी चिठ्ठी सोलली. चिठ्ठीच्या खाली लसणाच्या गड्ड्याचं चित्र होतं. इतकं ठसठशीत की मला काय, नातीलाही कळलं असतं. चिठ्ठी नेमकी त्यावर बसली होती.

"जाऊ दे आई," ती म्हणाली. पण ती रडकुंडीला आली होती. बाहेरून मुलानं मोदक मागितले म्हणून ती गेली.

ती गेली आणि काकू आत आल्या. हातात त्यांची आणि काकांची श्रीखंडाची वाटी. आधी त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांनी सिंकखालचं कपाट उघडलं आणि चमचा वाटीत घातला. मग मी दिसले. प्रसाद टाकताना सापडल्या म्हणून त्या ओशाळल्या. आणि त्यांचं लक्ष कपाटात गेलं. घरात गणपती म्हणून मुलानं वाइनच्या बाटल्या तिथं मागे लपवल्या होत्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या अजून काढायच्या होत्या. पुढे पेटीत चीजचे डबे, त्यांच्यावरही चिठ्ठ्या.

"हायवेपलीकडचं दुकान ना हे?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली.

"गेल्या महिन्यात तो आमच्याकडे बाटली घेऊन आला होता. तिच्या बुडाला अर्धी पिवळी चिठ्ठी तशीच होती." त्या खाली वाकून बाटल्या बघत होत्या. "मी ह्यांना म्हटलं होतं, हा असं का करतोय? तर हे म्हणाले, काटकसरी झाला असेल."

मी सिंककडे बघत राहिले.

"ताई, तो ऑफिसला जातो ना?"

हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं खोटं. ते म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, त्यांना ते सहज जमतं. माझ्या तोंडून हो आलं नाही, नाहीही आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काकूंनी पाहिलं.

काकू दोन्ही वाट्या ओट्यावर ठेवून बाहेर गेल्या. थोड्या वेळानं काकांनी हात धुतले आणि मुलाला म्हणाले, "चल रे, जरा गाडीपर्यंत. पाय मोकळे करू."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालची गाड्यांची जागा दिसायची. काका बोलत होते. मुलगा हात पुढे बांधून, मान खाली घालून उभा होता, मास्तरांपुढे उभा राहावा तसा. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं खांदा काढून घेतला. मी खिडकीतून बाजूला झाले.

ते गेल्यावर तो थेट माझ्याकडे आला. "आई, तू सांगितलंस?"

"मी काही बोलले नाही."

"तेच तर," तो म्हणाला. मग सोफ्यावर बसला. "त्यांना दया आली माझी. ये म्हणाले, काहीतरी बघू. काहीतरी बघू! त्या वेळी घरी येऊन विचारत होते."

"मग दया तर दया," सून म्हणाली. "दयेवर व्हिसा मिळत असेल तर घे ना. तुझ्या ऐटीवर मिळाला का इतके दिवस?"

त्यानं त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन झालं, तेव्हाही केला नाही. सून त्याच्याशी बोलेना. श्रीखंडाचं पातेलं फ्रिजमध्ये होतं. प्रसाद टाकता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला कसं म्हणणार खा म्हणून? दुपारी सगळे आपापल्या कामात असले की मी वाटी घेऊन खायची. गोड लसूण. प्रत्येक घासाला वाटायचं की माझ्यामुळे पोराचं झाकलेलं उघडं पडलं. ते उघडं पडल्यानं त्याचं बरं होईल हे मला कळत होतं. पण त्यानं माझ्या गप्प राहण्याचाच भरवसा धरला होता, आणि मला धड गप्पसुद्धा राहता आलं नाही.

विसर्जनानंतर एका दुपारी तो बैठकीच्या खोलीत फोन घेऊन बसला. दार नव्हतं त्या खोलीला, स्वयंपाकघर समोरच. मी ओट्यापाशी होते. "काका, मी बोलतोय," तो म्हणाला आणि मग त्याचा आवाज खाली गेला. "हो काका. नाही काका, पगाराचं काही नाही. तुम्ही द्याल ते. हो. चालेल काका."

माझा मुलगा कुणाशी असा बोललेला मी ऐकला नव्हता. शाळेतही तो मास्तरांना उलट उत्तर द्यायचा. मी ऐकते आहे हे त्याला कळू नये म्हणून मी नळ सोडला, पूर्ण, पाण्याचा आवाज होईल असा. पाठ त्याच्याकडे करून उभी राहिले. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं.

फोन कधी संपला ते मला कळलं नाही. तो मागे येऊन उभा होता. त्यानं रिकाम्या सिंककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सोमवारपासून," तो म्हणाला, आणि हात लांब करून नळ बंद केला.