बॉम्ब पडले मागे, माडांत

दुसऱ्या लॉकडाउनमध्ये लेकीला हिस्टरीची असाइनमेंट आली. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून एवढे बॉम्ब टाकूनही समुद्रकिनाऱ्यावरचे शत्रूचे बंकर शाबूत का राहायचे? मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ऑस्ट्रेलियात, क्लेटनच्या आमच्या युनिटमध्ये भाजी चिरता चिरता मी ऐटीत सांगितलं, "हवामान. ढग आले की नेम चुकतो. लिही."

शेजारी पंचाण्णव वर्षांचे ऑस्ट्रेलियन आजोबा एकटेच राहायचे. विशीत, त्याच युद्धात, ते सैनिक म्हणून उत्तरेकडच्या एका बेटावर होडीतून उतरले होते. लेकीला त्यांनाच विचारायचं होतं. आम्ही मास्क लावून कुंपणापाशी उभ्या राहिलो, ते पलीकडे खुर्चीत. तिने माझं वाक्य वाचलं आणि आजोबा भडकले.

"हवामान? आकाश लख्ख होतं! पहिल्या विमानांनी एवढी धूळ उडवली की मागच्यांना किनारा दिसेना. आमच्या होड्या जवळ आलेल्या. आमच्यावर पडू नयेत म्हणून त्यांनी बॉम्ब जरा उशिरा सोडले. ते पडले मागे, माडांत. बंकर नारळाच्या ओंडक्यांचे, वर वाळूचा थर. थेट डोक्यावर पडल्याशिवाय त्यांना काय होणार? आणि आम्हाला सांगितलं होतं, तिथे कोणी जिवंत नसेल, खुशाल चालत जा."

किनाऱ्यावर होडीचं उतरायचं पुढचं दार उघडताच त्यांच्या शेजारचा मित्र गोळी लागून पडला.

"त्याच्या आईला साहेबांनी काय कळवलं, माहितेय? हवामान खराब होतं."

माझी मान खाली गेली. स्वतःचीच चीड आली.

लेकीने सगळं जसंच्या तसं लिहिलं. टीचरने मार्क कापले. मी झूमवर गाठलं तर म्हणाली, "एका माणसाची आठवण पुरावा होत नाही. शिवाय सूर फार रागीट आहे."

"तो माणूस तिथे होता!"

"आय अंडरस्टँड. पण पुस्तकातली कारणं घालून परत पाठवता येईल. नो वरीज."

नो वरीज! मी लॅपटॉप आपटून मिटला आणि तोंडात येतील त्या मराठी शिव्या दिल्या. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

"आय ॲम नॉट चेंजिंग इट, आई," लेक म्हणाली. मार्क तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने कुंपणापाशी उभं राहून तो निबंध आजोबांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"माझ्या मित्राचं नाव घातलंस?"

"येस."

"स्पेलिंग सांग."

तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.