दोर ताठ होता की सैल?

सावद्याजवळच्या त्या मळ्यात मी त्या दिवशी पोचलो, तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो आधीच येऊन उभा होता. तो बाजेवर बसून चहा पीत होता. मला म्हणाला, "या मिस्तरी. तुमचं झालं की माझं."

माझं डोकंच फिरलं. जळगावात माझं गॅरेज. एवढी वर्षं इंजिनं उघडली, पण पेशंट जिवंत असताना खांदेकरी हजर, असं कधी पाहिलं नव्हतं.

पेशंट म्हणजे नानांची रेसिंग कार. नाना केळीचे मोठे बागायतदार. हौसेपोटी मुंबईच्या एका शौकिनाकडून त्यांनी ही एकट्या माणसाची, उघड्या चाकांची गाडी आणली. एकाच शर्यतीत उतरले, दुसऱ्या वळणावर गवतात गेले आणि घरी आले. तेव्हापासून अकरा वर्षं गाडी शेडमध्ये आणि म्हशी पावसात. त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, यांचं म्हणणं एवढंच की आता अदलाबदल व्हावी.

अक्का नानांशी थेट बोलत नसत. समोर जो असेल त्याच्याकडे बघून बोलत. मला म्हणाल्या, "यायले सांगा, गाडी सोताच्या जोरानं मारुतीच्या पारालोक जाऊन परत आली, त राह्यली. नही त टेम्पोत."

"त्यांना सांगा, पारापर्यंत आणि परत, कबूल," नाना म्हणाले. कशी का असेना, उभ्या जन्मात त्यांनी स्वतःसाठी केलेली हौस तेवढी एकच होती.

इंजिनाचं काम मी तीन दिवस आधीच येऊन धरलं होतं. बराच काळ पडून राहिलेलं इंजिन कधीही एकदम फिरवू नये. आतले पिस्टन गंजून भिंतीला धरलेले असतात, जोर केला की रिंगा तुटतात. म्हणून प्लग काढून त्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, मग पान्याने हळूच हलवायचं. हललं! कार्बोरेटरमधून उंदराचं घरटं निघालं, त्यात नानांच्या हातमोज्याचा अंगठा. पेट्रोलची टाकी आतून सडलेली. मी डॉक्टरांकडून सलाईनची रिकामी बाटली आणली, पेट्रोल भरून सीटमागे टांगली आणि नळी कार्बोरेटरला जोडली. हा जुगाड प्रत्येक मिस्तरीला येतो.

आता स्टार्ट. या गाडीला सेल्फच नसतो. वजन वाचवायला काढून टाकतात. ओढायची, वेग आला की गिअरमध्ये क्लच सोडायचा. पण त्या दिवशी सावदा स्टेशनावर केळीच्या वॅगन लागलेल्या. गावातला एकूण एक ट्रॅक्टर तिकडे.

"आपली शर्यतीची जोडी आहे ना!" नाना म्हणाले.

"नाना, बैल?"

"तीही रेसचीच आहे."

बैलांच्या जुवाला दोर बांधला, दुसरं टोक गाडीला. कासरा सालदार गड्याच्या हातात. मी आत बसलो. एक अट नानांनी घातली, की इंजिन लागलं तरी दोर सोडायला थांबायचं नाही, बंद पडलं तर काय घ्या. बैल धावायला लागले, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन खोकलं, शिंकलं आणि असा बार झाला की बाजेवरून भंगारवाला खाली!

रेसच्या गाडीला सायलेन्सर नसतो. बैलांना वाटलं शर्यत सुटली. सालदाराच्या हातचा कासरा गेला आणि बैल उधळले. मागे मी. ब्रेक दाबला, तर पाय थेट पत्र्याला टेकला. अकरा वर्षांत ब्रेकची रबरं कुजली होती आणि मी शहाण्याने फक्त इंजिन बघितलं होतं. स्विच बंद करावा, तर नानांची गाडी टेम्पोत जाणार. मी रामराम म्हणत स्टिअरिंग धरून बसलो. दोर जमिनीवर लोळत होता आणि गाडीचं नाक बैलांच्या शेपट्यांना लागत होतं.

पाराला वळसा घालताना बाटली संपली. इंजिन गप्प. मी गिअर काढला. बैल थांबले नाहीत. ते घरच्या ओढीने निघाले, मला घेऊन. मळ्याकडे रस्ता उताराचा. बैल गोठ्यापाशी थांबले, मी उकिरड्यात जाऊन थांबलो.

शेण पुसायच्या आत भांडण पेटलं.

"बैलांनी ओढून आणली!" भंगारवाला ओरडला.

"उतार आहे. गाडी आपल्याच वेगाने आली. दोर सैल होता!" नाना.

"ताठ होता!"

"सैल!"

अर्धं गाव जमलं, दोन तट पडले. शेवटी अक्कांनी हात वर केला.

"मिस्तरी, आत तुमी व्हते. खरं सांगा. दोर ताठ का सैल?"

नाना माझ्याकडे बघत होते. एक शब्द खोटा बोललो असतो तर गाडी वाचली असती. पण इंजिनाबद्दल मला खोटं बोलता येत नाही, खोड आहे.

"जाताना सैल," मी म्हणालो. "येताना ताठ."

नाना बाजेवर बसले. अक्का माझ्याकडेच बघून म्हणाल्या,

"म्हंजे निम्मी खरी. मंग निम्मी ठेवा, निम्मी टेम्पोत. कोन्ती निम्मी, ते यायले इचारा."

मी विचारायच्या आत नाना इंजिनावरच्या बोनेटवर हात ठेवून उभे होते.

बॉडी, चाकं, स्टिअरिंग भंगारवाल्याने नेलं. इंजिन मी विहिरीवर बसवलं, पट्ट्याने पंपाला जोडलं. लाईट गेली की नाना हेल्मेट घालून विहिरीवर जातात, आवाज पार सावद्यापर्यंत ऐकू येतो आणि पाणी शेजाऱ्याच्या केळीतही जातं. म्हशी शेडमध्ये आहेत.

या धंद्यात खरं बोलल्याने कधी कोणाची पूर्ण गाडी वाचल्याचं मी पाहिलं नाही. पण खोटं बोलून वाचवली असती, तर ती परत शेडमध्ये पडून राहिली असती आणि नानांना पुन्हा एकदाही सुरू करायला मिळाली नसती.